‘पर्यंत’ म्हणजे बाय की अनटिल? कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका इंग्रजी क्लासचा अनुभव

शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी गेली 11 वर्षं डिस्पॅच बघते. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आमच्याकडे मशीनिंग होतं, तपासणी होते, लाकडी पेटीत माल भरला की ट्रक न्हावा शेवाच्या वाटेला लागतो. परदेशी ग्राहकांना मेल मीच लिहिते. माझं शिक्षण मराठी शाळेत झालं, बी.कॉम. झाल्यावर थेट नोकरी. मेलपुरतं इंग्रजी येतं असं मी धरून चालले होते.

मागच्या वर्षी इंग्लंडमधल्या एका ग्राहकाला मी लिहिलं, ‘वी विल सेंड द पार्ट्स अनटिल फ्रायडे.’ मला म्हणायचं होतं, शुक्रवारपर्यंत माल पाठवतो. तासाभरात त्यांचा फोन आला. सोमवारपासून माल का बंद करताय, भावावरून काही नाराजी आहे का, असं ते विचारत होते. मला काही कळेना, मी आपली ‘येस सर, अनटिल फ्रायडे, शुअर’ म्हणत राहिले, म्हणजे आगीत तेलच. शेवटी साहेबांनी फोन घेतला आणि दहा मिनिटांत सगळं निस्तरलं. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त माझ्या मेलची प्रिंट काढून टेबलावर ठेवून गेले. ‘अनटिल’खाली निळ्या पेनाची रेघ होती.

तो कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्याच आठवड्यात अकाउंट्समधल्या वहिनींनी राजारामपुरीतल्या या क्लासबद्दल सांगितलं. जानेवारीत मी नाव घातलं, मार्चमध्ये कोर्स संपला. पैसे देऊन जाण्यासारखा आहे का, असं मला बऱ्याच जणींनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते. क्लासला पाटी नाही आणि मॅडमना नाव छापलेलं आवडत नाही, त्यामुळे नाव देत नाही. राजारामपुरीत दोन-चार दुकानांत विचारलंत तर कुणीही जिना दाखवेल.

आधी व्यवहाराचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा ते आठ. आठ आठवडे, म्हणजे 24 बैठका. फी 4,500 रुपये, दोन हप्त्यांत चालते. पहिल्या मजल्यावरची एक लांबट खोली, एक फळा, दोन पंखे, प्लास्टिकच्या खुर्च्या. एसी नाही, प्रोजेक्टर नाही. मॅडम कॉलेजातून निवृत्त झालेल्या. मधली काही वर्षं त्या इंग्लंडमध्ये राहून आल्या आहेत, पण त्याचा तोरा नाही. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, तोही मराठीत: ‘इंग्रजीमुळं तुमचं नुकसान कधी झालं?’ मी अनटिलची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘ताई, व्याकरण चुकलं तर समोरचा माणूस समजून घेतो. वेळ चुकली की ट्रक चुकतो.’ आठपैकी पहिले तीन आठवडे त्या फक्त वेळेच्या शब्दांवर घालवतात. तसं करणारा दुसरा क्लास मला माहीत नाही, आणि हा लेख मुख्यतः त्या तीन आठवड्यांसाठी आहे.

‘पर्यंत’चा धडा दुसऱ्याच दिवशी झाला. फळ्यावर त्यांनी इंग्रजीचं एक अक्षर न काढता दोन मराठी वाक्यं लिहिली. ‘मी शुक्रवारपर्यंत पैसे देतो.’ ‘मी शुक्रवारपर्यंत थांबतो.’ मग विचारलं, पहिल्यात पैसे किती वेळा दिले? एकदा. कधी? शुक्रवार उलटायच्या आत, कधीही. आणि दुसऱ्यात थांबला किती? रोज, सलग, शुक्रवार येईस्तोवर. पहिल्या वाक्याखाली त्यांनी एक बारीक रेघ ओढली आणि तिच्यावर कुठंतरी एकच ठिपका दिला. दुसऱ्या वाक्याखाली खडू आडवा धरून जाड पट्टा ओढला, थेट शुक्रवारच्या खुणेपर्यंत. ‘ठिपका असेल तिथं बाय, पट्टा असेल तिथं अनटिल,’ एवढंच म्हणाल्या.

मी वहीत बघत बसले. इतकी वर्षं मी दोन्हीला ‘पर्यंत’ म्हणत आले आणि कधी अडलं नाही, कारण मराठीत खरं काम क्रियापद करतं. ‘देतो’ म्हटलं की ठिपका, ‘थांबतो’ म्हटलं की पट्टा, आपल्या कानाला आपोआप कळतं. इंग्रजीत तो भार या छोट्या शब्दावर असतो. मी ‘अनटिल’ लिहिलं आणि त्या ग्राहकाला पट्टा दिसला: शुक्रवारपर्यंत रोज माल येणार आणि मग बंद. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मी लिहिलं तेच त्यानं वाचलं होतं.

आमच्या बॅचला करवीर तालुक्यातले एक गुऱ्हाळवाले काका होते. गूळ बाहेर पाठवायचा म्हणून साठीत इंग्रजी शिकायला आलेले. ते म्हणाले, ‘मॅडम, ते ठिपक्याचं कळलं. पर शुक्रवार धरून का सोडून?’ मला वाटतं हा त्या दिवशीचा सगळ्यात चांगला प्रश्न होता. मॅडमनी सांगितलं, बाय फ्रायडे म्हणजे शुक्रवार धरून. शुक्रवार नकोच असेल तर बिफोर फ्रायडे. पण शुक्रवारचे किती वाजता, हे बाय सांगत नाही. एकाचा शुक्रवार ऑफिस सुटल्यावर संपतो, दुसऱ्याचा रात्री बाराला. म्हणून पैशाचा किंवा मालाचा विषय असेल तर वार, तारीख, तास आणि कुणाच्या गावचा तास, सगळं लिहायचं. ‘बाय फाइव्ह पीएम युवर टाइम ऑन फ्रायडे.’ अमेरिकन माणूस ‘मंडे थ्रू फ्रायडे’ म्हणतो तेव्हा मात्र शंका नको, त्यात शुक्रवार पुरा आला.

त्याच दिवशी ‘नॉट अनटिल’ झालं, आणि इथं मॅडमचं मराठी कान असणं किती कामाचं आहे ते दिसलं. ‘द ऑफिस वोन्ट ओपन अनटिल मंडे.’ आम्ही सगळ्यांनी अर्थ सांगितला, सोमवारपर्यंत ऑफिस उघडणार नाही. बरोबरच आहे, पण मग सोमवारी उघडं की बंद? अर्ध्या वर्गाचं म्हणणं बंद. मॅडम म्हणाल्या, ‘पर्यंत विसरा, शिवाय म्हणा. सोमवारशिवाय उघडत नाही.’ एकदम लख्ख. पाहुण्याला आपण म्हणतो, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. म्हणजे चहा झाला की जायला मोकळा. नॉट अनटिल म्हणजे हेच आपलं ‘शिवाय’. शाळेत मला हे कुणी असं सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

दुसऱ्या आठवड्यातला ‘पुढे-मागे’चा धडा मला ‘पर्यंत’पेक्षाही मोठा वाटतो. आपण म्हणतो, मीटिंग पुढं ढकलली. म्हणजे उशिरा केली. लग्न पुढं गेलं, परीक्षा पुढं गेली, सगळं उशिराच्या बाजूला. आता इंग्रज माणूस म्हणतो, ‘लेट्स ब्रिंग द मीटिंग फॉरवर्ड.’ आपला कान ऐकतो, पुढे आणू या, आणि आपण डायरीत नंतरची तारीख टाकतो. त्याला म्हणायचं असतं, अलीकडं घेऊ. ‘पुश बॅक’ म्हटलं की आपल्याला वाटतं मागे घेतली, म्हणजे आधी. त्याच्या लेखी ती उशिरा गेली. दोन्ही शब्द आपल्या भाषेच्या बरोबर उलट्या तोंडानं उभे आहेत. क्लासमध्ये एक अकाउंटंट मुलगी होती, ती अडून बसली. ‘मॅडम, आमच्या खतावणीत ब्रॉट फॉरवर्ड म्हणजे मागच्या पानावरची बाकी पुढच्या पानावर. तिथं पुढेच की!’ मॅडमनी ते मान्य केलं. पानावरची बाकी पुढे जाते; तारीख मात्र आपल्याकडे, आजच्या जवळ आणली जाते. आजपासून बघायचं, मग गोंधळ होत नाही.

यातही एक गाठ आहे, आणि ती इंग्रजांचीसुद्धा सुटलेली नाही. बुधवारची मीटिंग ‘मूव्ह्ड फॉरवर्ड बाय टू डेज’ झाली, तर ती आता कधी? हा प्रश्न अभ्यासकांनी खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांनाच विचारून पाहिला आहे. काहींनी सोमवार म्हटलं, काहींनी शुक्रवार. आपण वेळेकडे चाललोय की वेळ आपल्याकडे येतेय, यावर उत्तर बदलतं म्हणे. मला त्यातलं शास्त्र सगळं कळलं नाही, पण एक उमगलं, की अशा ठिकाणी गप्प बसून अंदाज करणं हा अडाणीपणा आणि ‘सो, मंडे?’ असं विचारणं हे शहाणपण. हे कळल्यावर माझी फोनवरची भीती निम्म्यानं गेली.

‘प्रीपोन’ हा आपल्याकडचा लाडका शब्द. पोस्टपोनच्या उलट प्रीपोन, हिशेबाला अगदी चोख बसतो. भारतात कुणालाही कळतो, पण इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाच्या बोलण्यात तो सहसा येत नाही. मॅडम त्याला चूक म्हणत नाहीत, हे मला आवडलं. म्हणतात, घरात वापरा, बाहेरच्या माणसाला ‘कॅन वी डू इट अर्लियर?’ म्हणा.

नेक्स्ट फ्रायडेचंही असंच. आज सोमवार असला तर नेक्स्ट फ्रायडे म्हणजे चार दिवसांनी येणारा, की त्याच्या पुढचा? आपण ‘येत्या शुक्रवारी’ आणि ‘पुढच्या शुक्रवारी’ असे दोन शब्द ठेवून सुटका करून घेतलीय, तरी घरात भांडणं होतातच. इंग्रजीत ‘धिस फ्रायडे’ हा बहुतेकदा येता शुक्रवार, पण ‘नेक्स्ट’वर त्यांचंही एकमत नाही. उपाय एकच, तारीख लिहा. आणि तारीखही 03/04 अशी लिहू नका, इंग्लंडमध्ये ती 3 एप्रिल होते आणि अमेरिकेत 4 मार्च. महिन्याचं नाव अक्षरात लिहायला तीन-चार अक्षरं जास्त लागतात, बस.

आमच्यात सीपीआर या सरकारी रुग्णालयातल्या अनुभवाची एक नर्स मुलगी होती, इंग्लंडला जायच्या परीक्षेची तयारी करणारी. घड्याळाच्या दिवशी मॅडमनी रेकॉर्डिंग लावलं, त्यात एक बाई सांगते, ‘हँडओव्हर इज ॲट हाफ सेव्हन.’ किती वाजता? मी म्हटलं साडेसहा, कारण सातला अर्धा कमी, आपलं ‘पावणे’ असतं तसं. काकांनी साताचं निम्मं करून साडेतीन सांगितलं. ती मुलगी गप्प होती, मग हळूच म्हणाली, ‘मला साडेसहाच वाटलं असतं, आणि मी तासभर आधी जाऊन बसले असते.’ उत्तर साडेसात. ‘हाफ पास्ट सेव्हन’मधला ‘पास्ट’ इंग्रज बोलताना गिळतो. पण आमच्या कारखान्याला जर्मन ग्राहकही आहे, म्हणून मी मुद्दाम विचारलं, तर कळलं की जर्मनीत नेमकं उलट. त्यांच्या भाषेत ‘अर्धा आठ’ म्हटलं की साडेसात, आठाकडे अर्धी वाट चाललेली. तो माणूस इंग्रजी बोलताना आपल्या सवयीनं ‘हाफ एट’ म्हणाला तर त्याच्या मनात साडेसात असू शकतात आणि इंग्रजाच्या मनात साडेआठ. मी तेव्हापासून फोनवर वेळ कळली की लगेच ‘सेव्हन थर्टी?’ असं आकड्यात म्हणून घेते.

पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडे असे एकेक शब्द आपल्याकडे आहेत, तिकडे ‘क्वार्टर टू’, ‘क्वार्टर पास्ट’. हे सोपं आहे, पाच मिनिटांत झालं. ‘टुडे मॉर्निंग’ नव्हे ‘धिस मॉर्निंग’, ‘यस्टर्डे नाइट’ नव्हे ‘लास्ट नाइट’, पण ‘यस्टर्डे मॉर्निंग’ चालतं. का, ते विचारायचं नाही, पाठ करायचं. सिन्स आणि फॉरचंही तसंच झटपट: सुरुवातीची खूण सांगायची तर सिन्स, मधली लांबी सांगायची तर फॉर. मी कामाला लागले त्या वर्षापासून ‘सिन्स’, आणि 11 वर्षं ‘फॉर’. ‘टू इयर्स बॅक’ऐवजी ‘टू इयर्स अगो’. रात्री दोन वाजता ट्रक पोचला, ही आपली रात्र त्यांच्या बोलण्यात ‘टू इन द मॉर्निंग’ होते, हे मात्र लक्षात ठेवावं. मध्यरात्रीची मुदत असेल तर कुठल्या दिवसाची मध्यरात्र हा वाद टाळायला 23:59 लिहावं. बंदरावर कंटेनर आत घ्यायची मुदत असते, तिथं हा वाद पैशात पडतो.

‘परवा’वर अर्धा तास गेला आणि तो मला कमी वाटला. आपला परवा दोन्हीकडं चालतो, मागचाही परवा आणि पुढचाही. क्रियापद बघून कळतं. इंग्रजीत मागच्याला ‘द डे बिफोर यस्टर्डे’, पुढच्याला ‘द डे आफ्टर टुमॉरो’, लांबलचक. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपण ‘परवा रंकाळ्यावर भेटला होता’ म्हणतो तेव्हा नेमका तोच दिवस कुठं म्हणायचा असतो? मध्यंतरी, नुकताच. मी तो परवा शब्दाला शब्द ठेवून ‘डे बिफोर यस्टर्डे’ करत होते. त्याला ‘द अदर डे’ आहे. अगदी आपल्या त्या सैल परवासारखा.

आणि ‘आठ दिवस’. आठ दिवसांनी या, पंधरा दिवसांत देतो. आपण सोमवार ते सोमवार, दोन्ही सोमवार धरून मोजतो, म्हणून सात दिवसांच्या आठवड्याला आठ आणि चौदाला पंधरा. दुकानदार ‘आठ दिवसांनी’ म्हणाला की आपण त्याच वारी जातो, दुसऱ्या दिवशी कुणी जात नाही. हेच मी मेलमध्ये ‘इन एट डेज’ लिहीत आले. वाचणारा बोटं मोजतो आणि मंगळवारवर जातो. गंमत म्हणजे इंग्लंडात पंधरवड्याला ‘फोर्टनाइट’ शब्द आहे, चौदा रात्रींवरून आलेला. त्यांनी रात्री मोजल्या, आपण दिवस मोजले, आणि गाठलं एकच ठिकाण. अमेरिकेत तो शब्द फारसा चालत नाही, तिथं ‘टू वीक्स’ लिहायचं.

‘इन’वरून आणखी एक. ‘दोन दिवसांनी’ आणि ‘दोन दिवसांत’ यांत आपल्याला फरक कळतो ना? ‘इन टू डेज’ हे बहुतेक वेळा ‘दोन दिवसांनी’ आहे. ‘दोन दिवसांच्या आत’ म्हणायचं असेल तर ‘विदिन’. ‘आय विल कॉल यू आफ्टर टेन मिनिट्स’ असं मी रोज म्हणायचे, ते कळतं, पण तिकडचा माणूस ‘इन टेन मिनिट्स’ म्हणतो. ‘ऑन टाइम’ आणि ‘इन टाइम’ तर त्यांनी स्टेशनवर नेऊनच शिकवलं. महालक्ष्मी एक्सप्रेस ठरल्या वेळेला सुटली, ती ऑन टाइम. तुम्ही बॅग सांभाळत पळत पळत येऊन शेवटच्या डब्यात चढलात, तुम्ही इन टाइम. गाडी वेळेवर, माणूस वेळेत.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मॅडमनी आम्हाला आमचीच वाक्यं लिहायला लावली, घरात-कामावर वेळेबद्दल आपण दिवसभर काय बोलतो ती. माझ्या यादीत होतं: आलोच. निघालोच. झालंच बघा. देतोच की. सगळी भूतकाळात किंवा वर्तमानात, आणि त्यातलं काहीच अजून झालेलं नाही. आपल्या माणसाला ते कळतं. जिन्याखालून कुणी हाक मारली आणि मी ‘आले आले’ म्हटलं, तर मी अजून स्वयंपाकघरात आहे हे त्याला ठाऊक असतं, आणि निरोप घेताना ‘येतो’ म्हणणारा जातोय हेही. पण माझ्या मेलमध्ये ‘द ट्रक इज ऑन इट्स वे’ असं किती वेळा गेलंय! ट्रक गेटात उभा असायचा, पेट्या चढत असायच्या. मी ‘निघालाच’ लिहीत होते. ग्राहक ‘निघाला’ वाचत होता, आणि तिथून तास मोजत होता. मला खोटं बोलायचं नव्हतं. तरी त्याच्या बाजूनं बघितलं तर मी दर वेळी चार-पाच तासांचं खोटं लिहिलं होतं. त्या रात्री घरी आल्यावर मला नीट जेवण गेलं नाही. आता मी ‘द ट्रक इज बीइंग लोडेड’ लिहिते आणि गेट पास फाडल्यावरच ‘हॅज लेफ्ट’.

आता खटकलेल्या गोष्टी, त्याही लिहायला हव्यात. नाव घालताना 15 जणांची बॅच सांगितली होती, पहिल्या दिवशी आम्ही 22 होतो. मागच्या रांगेत फळा नीट दिसत नाही, आणि जे मुळात बुजरे आहेत ते मागेच बसतात, म्हणजे ज्यांना गरज तेच बोलायचे राहतात. झेरॉक्सचे कागद फिके, काही ठिकाणी अक्षर लागत नाही. रेकॉर्डिंग सगळं इंग्लंडच्या बोलीतलं. अमेरिकन ग्राहक असलेल्याला ते पुरत नाही. ‘ॲट द वीकेंड’ हेच बरोबर असं मॅडम ठासून सांगतात, पण अमेरिकेत ‘ऑन द वीकेंड’ म्हणतात, आणि आमचा एक ग्राहक तसंच लिहितो. मी तो मेल दाखवला तेव्हा त्यांनी वाचला, पण फळ्यावर ‘ऑन’ काही लिहिलं नाही. हे मला पटलं नाही. महिनाअखेरीला माझ्या दोन बैठका बुडाल्या, त्या दुसऱ्या बॅचमध्ये भरून द्यायची सोय नाही. शेवटचे दोन आठवडे मुलाखतीच्या तयारीचे, ते माझ्या कामाचे नव्हते आणि घाईतही उरकले. गाडी लावायला जागा मिळत नाही, दुचाकीसुद्धा लांब लावून चालत यावं लागतं.

घड्याळ बदलण्याचा विषय त्यांनी पाच मिनिटांत संपवला, तिथं निदान एक पूर्ण तास हवा होता. इंग्लंडमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढं करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागं. त्यामुळे आपल्यातलं आणि त्यांच्यातलं अंतर हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. आमचा दर मंगळवारचा कॉल त्यांच्या सकाळी दहाला असतो. तो हिवाळ्यात आपल्याकडे साडेतीनला, आणि एप्रिलमध्ये अडीचला. अमेरिकेत हा बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे मधले काही आठवडे तिन्ही देशांचा मेळ वेगळाच. निर्यातीत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे अडतं. मी मॅडमना सांगितलंय, पुढच्या बॅचला हा तास वाढवा आणि भिंतीवर तक्ता लावा. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

फायदा काय झाला? एप्रिलमध्ये त्याच इंग्लंडच्या ग्राहकाला मी लिहिलं, ‘ऑल सिक्स बॉक्सेस विल लीव्ह अवर फॅक्टरी बाय सिक्स पीएम इंडियन टाइम ऑन थर्सडे. वी विल नॉट हॅव द शिपिंग पेपर्स अनटिल फ्रायडे.’ एकात बाय, एकात अनटिल, दोन्ही आपापल्या जागी. उत्तर आलं दोन शब्दांचं, ‘परफेक्ट, थँक्स.’ फोन आला नाही. साहेबांना मी ती प्रिंट दाखवली. त्यांनी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘आता पुढच्या आठवड्यापासून जर्मनीचं पण तुम्हीच बघा.’

ज्यांना परदेशी माणसाला तारीख-वेळ द्यावी लागते त्यांनी जावं: उद्यमनगरातले कारखानदार, चपला बाहेर पाठवणारे, परदेशी जाणाऱ्या नर्स, बाहेरच्या कंपन्यांचं काम घरी बसून करणारी मुलं. ज्यांना फाडफाड इंग्रजी बोलायला शिकायचंय त्यांनी दुसरीकडं बघावं, इथं ते होत नाही. माझ्याकडून पाचपैकी चार. एक तारा बॅचच्या गर्दीसाठी आणि त्या ‘ऑन द वीकेंड’साठी कापला.

वर्ग साडेसहाला सुरू होतो, ऑन टाइम. सव्वासहाला पोचलात तर पुढच्या रांगेतली खुर्ची मिळते. खिडकीकडची घ्या, तिथून सगळा फळा दिसतो आणि पंखाही डोक्यावर येतो.